पाटाखालची विहीर

माझी नात मेघा हिचं लग्न झालं ते २०१९ साल. वैशाखात मांडव घातला आणि मांडवाचे बांबू अजून दारात होते तेव्हाच पाटात पाइप टाकायला मशीन आलं. त्यामुळे ते साल माझ्या डोक्यातून जात नाही.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. नदीला जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या कडेनं मातीचा पाट निघायचा आणि गावाच्या जमिनीला वळसा घालून पुन्हा नदीकडे उतरायचा. पाटाखालच्या जमिनीचे चार भाग आहेत, त्यांना आम्ही फड म्हणतो. एका फडात एका साली एकच पीक, सगळ्यांचं सारखं. एकात ऊस असला तर दुसऱ्यात गहू, आणि दर साली ते बदलत जातं. फडात कुणी मालक आपल्या शेताला आपल्या हातानं पाणी देत नाही. गावानं नेमलेला पाटकरी देतो. मोठ्याच्या उसालाही तोच आणि विधवेच्या गव्हालाही तोच. मालकानं पाटाला फावडं लावायचं नाही. हा पाटकरी मी. माझ्या आधी माझा बाप होता.

पाटाचं शेवटचं टोक, ज्याला सगळे टेल म्हणतात, तिथलं शेत सुंदरबाईचं. गाव तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणायचो. ती माझ्याहून मोठी होती. तिचा मालक उखर्डू ऐन उमेदीत गेला. मुलगा ललित शिकला, नोकरीला लागला आणि जळगावला मेहरूणमध्ये त्यानं घर केलं. ती मात्र मळ्यातल्या घरात एकटी राहिली. एक गाय, एक विहीर आणि विहिरीवर उंबर, एवढा तिचा संसार. सकाळी बंधाऱ्यावरून निघालो की पाट बघत बघत मी दुपारी तिच्या विहिरीशी पोचायचो. तिथं पाट संपायचा आणि माझं चालणंही. ती घागर ओढायची, मी भाकरीचं फडकं सोडायचो. फार बोलणं नसायचं. बायको गेल्यावर माझं दिवसभरात कुणाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

मातीचा पाट म्हणजे रोजची कटकट होती. खेकडे काठ पोखरायचे. सकाळी बोटभर भोक असलं तर दुपारी तिथून मांडीएवढं पाणी बाहेर पडायचं. मी चिखल-पेंढा कोंबायचो, दुसऱ्या दिवशी दुसरीकडे फुटायचं. पाटाच्या खालच्या अंगाला जमीन बारा महिने ओली. तिथं लव्हाळा माजायचा, बेडूक ओरडायचे, बगळे उभे असायचे आणि काठाच्या बिळांत धामणी राहायच्या. अक्काच्या विहिरीवर एक बाभूळ झुकलेली होती, तिला दर साली सुगरणीची घरटी लागायची. हे सगळं मला तेव्हा माझ्या कामातली अडचण वाटायचं. धामण दिसली की मी फावडं उगारायचो.

पाइपाची सभा शाळेत झाली. खात्याचा साहेब तरुण होता, नीट समजावून सांगणारा होता. त्यानं भिंतीवर एक तक्ता लावला. मी अक्षरं शिकलो ती मेघा शाळेत जायला लागल्यावर, तिच्याच पाटीवर. त्यामुळे मला वाचायला वेळ लागतो. तक्त्यावर लिहिलं होतं, 'वहनातील घट'. साहेब म्हणाला, बंधाऱ्यातून जेवढं पाणी सुटतं त्यातलं जवळजवळ निम्मं वाटेतच जमिनीत मुरतं.

मगन उठला. त्याचा ऊस सगळ्यांत मोठा. "म्हनजे आम्हनं अर्ध पानी जमीन पी जास?" सगळे हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "नथ्थू भाऊ, तू जमीनना पाटकरी का आम्हना?"

मग अक्का उठली. सभेत ती बोललेली मी त्याआधी पाहिली नव्हती. म्हणाली, "साहेब, मना शेतलोंग पानी येस तोवर गहू मान टाकी देस. पाइप टाका ते टेलले वरना बराबर पानी येई का?"

"येईल आजी. सगळ्यांना एकाच जोरानं."

हात वर करा म्हटल्यावर पहिला हात तिचा गेला. फडाचा पंच भिकन मोठ्यानं म्हणाला, "अक्कानी हात वर कया, आते कोन नही म्हनस?" कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही. मुरलेलं पाणी पुढं कुठं जातं हे तक्त्यावर लिहिलेलं नव्हतं आणि आमच्यातल्या कुणाला ते विचारायचं सुचलंही नाही.

साहेबानं शब्द पाळला हे सांगितलं पाहिजे. पाइप पावसाआधी जमिनीत पुरून झाला. रब्बीत अक्काच्या गव्हाला मगनच्या बरोबरीनं पाणी गेलं. तिचा गहू त्या साली पहिल्यांदा कमरेला लागला. तिनं नव्या गव्हाच्या पुरणपोळ्या केल्या आणि मला घरी न्यायला डबा भरून दिला. मला काम उरलं नाही असं लोक म्हणायचे. "नथ्थू भाऊ, आते तू साहेब व्हई गया. चाक फिराव अन् घर जाय." खरंच तसंच होतं. चौकोनी हौदात उतरायचं, लोखंडी चाक फिरवायचं, वर यायचं. तरी मी रोज चालत टेलपर्यंत जायचो. पुरलेल्या पाइपावरून चालताना बघायला काही नसायचं. पाणी पायाखालून जायचं, पण दिसायचं नाही आणि त्याचा आवाजही यायचा नाही.

पहिली दोन वर्षं पाऊस चांगला झाला, म्हणून कुणाला काही कळलं नाही. करोनाच्या साली तर ललित, त्याची बायको हेमांगी आणि लेकरं मळ्यातच येऊन राहिली. पोरं दिवसभर विहिरीत डुंबायची. अक्का काठावर बसून त्यांना शिव्या द्यायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. मग जळगावच्या शाळा उघडल्या आणि ती मंडळी गेली. गेल्यावर चार-आठ दिवस ती माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त बोलली. नंतर पुन्हा गप्प झाली.

पुढच्या साली पाऊस लवकर गेला. दिवाळीनंतर अक्कानं घागरीच्या दोराला दुसरा दोर जोडला. संक्रांतीला घागर वाजायला लागली, म्हणजे तळाच्या दगडाला लागून यायची. सुगरणी आल्याच नव्हत्या. घरटं विणायला लव्हाळा कुठं होता? बगळेही कुठं दिसत नव्हते. शेतात उंदीर मात्र एवढे झाले की गव्हाच्या ओंब्या रात्रीतून पडायच्या. मी म्हटलं, धामणी गेल्या, दुसरं काय. अक्का म्हणाली, "धामनी नही गयात, बेडूक गयात. त्या त्यास्ना मांगे गयात."

उंबरानं अवेळी पानं टाकली.

शेताला पाइपाचं पाणी पाळीनं येत होतं. पाळीच्या दिवशी ती ड्रम भरून ठेवायची, पण पुढची पाळी येईपर्यंत त्यात अळ्या पडायच्या. गाय ते पाणी हुंगून तोंड फिरवायची. गावाचा नळ मळ्यापर्यंत येत नाही. "देख भाऊ," ती एकदा म्हणाली, "गहूले पानी शे, माले नही."

ललित चांगला मुलगा. तो जारचं पाणी घेऊन यायचा, दोन दिवस राहायचा आणि जाताना तेच म्हणायचा, "आई, चल." शेवटी त्यानं धुळ्याहून कय्युम मिस्त्रीला आणलं. विहिरी खोल करण्यात कय्युमची उमर गेली होती. त्यानं क्रेन उभी केली, माणसं उतरवली आणि नंतर स्वतः उतरला. वर आला तेव्हा त्याच्या हातात खेकड्याची एक पांढरी पडलेली नांगी होती.

"अक्का, ही विहीर कुणी खोदली?"

"मना सासरानी."

"अकलेचा माणूस होता. सगळे झरे एकाच अंगाला आहेत, बघा. पाटाच्या अंगाला. बाकी तिन्ही बाजूंना कोरा दगड."

"अन् खाले?"

"खाली काळा पाषाण. तुम्ही म्हणाल तर महिनाभर खोदीन. पण खाली पाणी लागेल असं माझ्या तोंडून वदवू नका. कुराणावर हात ठेवायला लावाल तर पळून जाईन."

ललित हसला. अक्का हसली नाही. ती काठावर बसून पूर्वेकडच्या दगडाकडे बघत राहिली. झऱ्यांची तोंडं तिथं रांगेनं दिसत होती, त्यांत माती वाळून भेगाळली होती. मग ती मला म्हणाली, "म्हनजे विहीर मनी नव्हती. पाटनी व्हती."

"बठ्ठास्नी हात वर कया अक्का."

"मी पह्यले कया."

ललितनं तिच्याशी ठरवून घेतलं. आखाजीपर्यंत वाट बघायची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, पुरणपोळीचा घास काढतात. उखर्डूच्या नावाची घागर अक्का दर साली त्याच्या बापानं खोदलेल्या विहिरीतून भरायची. आखाजीपर्यंत विहिरीत घागर बुडण्याइतकं पाणी आलं तर ती राहील. नाही आलं तर गाय देऊन टाकायची, घराला कुलूप लावायचं आणि मेहरूणला जायचं. हे तिनं कबूल केलं. तिनं मला सांगितलं तेव्हा मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. खाल्ला का नाही ते आठवत नाही.

मी फडाच्या पंचांकडे गेलो. पाइपाच्या शेवटाला गाळ धुऊन काढायची एक झडप आहे. ती उघडली की पाणी जुन्या पाटाच्या उरलेल्या तुकड्यात पडतं आणि अक्काच्या विहिरीमागून नदीकडे जातं. तेवढाच तुकडा मातीचा राहिला होता. मी म्हटलं, आखाजीआधी आठ दिवस ती झडप उघडी राहू द्या.

भिकन वाईट माणूस नाही. त्यानं मला चहा दिला आणि म्हणाला, "आज अक्काले पाळीबाहेर दिधं, उद्या मगन मांगी, परवा मना भाऊ मांगी. मंग फड कसाना?"

मगन तिथंच होता. "पाइप टाका म्हननारी तीच ना? आते काबरं रडस?" आणि मग माझ्याकडे बघून डोळा बारीक केला. "नथ्थू भाऊ, तुना जीव विहीरमा शे का अक्कामा?"

बैठक हसली. मी चहा अर्धा टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झडपेचं चाक सोडलं. गाळ काढायला सोडतो तसंच सोडलं आणि तसंच राहू दिलं. पाळी तिसऱ्या फडातल्या उसाची होती. मगन दोनदा माझ्याकडे आला, पाण्याला जोर नाही म्हणाला. मी म्हटलं, पाइपात गाळ शे, धुई राहिनू. ते अगदीच खोटं नव्हतं.

जुन्या पाटाच्या तुकड्यात पाणी पडलं आणि दुसऱ्याच दिवशी एक बगळा येऊन उभा राहिला. कुठून कळतं त्यांना? मी त्याला बघत बसलो. वर्षानुवर्षं बघितलेला पक्षी, पण असा बसून कधी बघितला नव्हता. चौथ्या दिवशी विहिरीत वाकलो तर आत थेंब पडल्याचा आवाज आला. मग एक झरा काळा दिसायला लागला, मग त्याच्या शेजारचा. आखाजी तीन-चार दिवसांवर आली तेव्हा घागर बुडाली.

अक्का ओंजळ भरून पाणी प्याली. पुन्हा एक ओंजळ घेतली.

"भाऊ, हाई पानी कथाईन उनं?"

"आखाजी ऊनी ना. पितरास्नी धाडं."

ती हसली. करोनाच्या सालानंतर ती तशी हसलेली मी पाहिली नव्हती. गाईला तिनं पाणी दाखवलं, गाय घमेलंभर पिऊन गेली. मग अक्का पदर खोचून विहिरीमागं गेली. मी भाकरी खात होतो. मला वाटलं, उंबर बघायला गेली असेल. ती येईना. मग लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला.

गेलो तर ती घोटाभर पाण्यात उभी होती आणि पहार घालून झडपेचं चाक फिरवायला बघत होती. चाक तिच्या ताकदीचं नव्हतं.

"अक्का, काय करी राहिनी?"

"बंद करी राहिनू. पाळी कोनी शे?"

मी पहार धरायला हात पुढं केला.

"कोनी शे, भाऊ?"

"मगननी."

"मंग?"

"मगनना ऊस नही मरस. आठ दिन कमी पानी व्हई ते काय बिघडस? तू जाशी ते परत नही येशी."

तिनं पहार काढली आणि तिच्यावर भार देऊन उभी राहिली. श्वास लागला होता. म्हणाली, "मालक गया त्या साले मना गहू सुकी राहिना व्हता. तुना बापना मी पाया पडनू. एक रात पानी दे, कोनले नही समजाव. त्यानी दिधं नही. मी त्याले गावभर शिव्या दिध्या. त्या साले घरमा दानाबी उना नही." ती थांबली. "पन भाऊ, त्यानंतर मना वाटाना पानीले कधी कोनी हात नही लाया. एकटी बाई, टेलनं शेत. मगनना बाप केवढा मानूस व्हता! तोबी नही. काबरं? बठ्ठास्ले ठाऊक व्हतं, पाटकरी कोनलेच देस नही. म्हनीसन मी आठे टिकनू. आते तू माले चोरीनं पानी देस?"

माझा बाप मला कधी आवडला नव्हता आणि ती तिथं पाण्यात उभी राहून त्याची बाजू घेत होती.

"तू फिराव," ती म्हणाली. "मना हातथून नही व्हस."

मी चाक फिरवलं. पाणी बारीक झालं, तुटलं, थांबलं. बगळा थोडा वेळ उभा राहिला आणि नदीकडे उडाला.

विहिरीत आलेल्या पाण्यालाही तिनं नंतर हात लावला नाही. आखाजीची घागर तिनं ड्रममधल्या पाण्यानं भरली, दोनदा गाळून. ते तिच्या पाळीचं होतं. डांगर ठेवलं, घास काढला, उखर्डूचं नाव घेतलं. आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. गावातून ती गाणी मळ्यापर्यंत ऐकू येत होती. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून पुरणपोळी खाल्ली आणि ऐकत राहिलो.

जाण्याच्या सकाळी ती गाय घेऊन मगनच्या दारात गेली आणि खुंट्याला बांधून आली. गाय दुभती होती. मगन मागं धावत आला, "अक्का, हाई काय? माले काबरं?" ती म्हणाली, "तुना ऊस तहानेजेल व्हता चार दिन." मगनला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मग ललितची गाडी आली, हेमांगीनं गाठोडी ठेवली, अक्कानं घराला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली आणि गाडीत मागं बसली. काच खाली करता येते हे तिला माहीत नसावं. आतून हात हलवताना दिसली.

मी अजून रोज टेलपर्यंत चालत जातो. काम नसतं. विहिरीच्या काठावर बसतो, भाकरी खातो, पाणी बाटलीतून पितो. उंबर वाळला, पुढच्या पावसाळ्यात त्याची मोठी फांदी विहिरीत पडली. ती काढायला मी कुणाला सांगितलं नाही.

कधी कधी ललित फोन लावून तिच्याकडे द्यायचा. ती मोठ्यानं बोलायची, जणू मेहरूणहून साक्रीपर्यंत ओरडून पोचायचं आहे.

"कशी शे अक्का?"

"बरी शे. नळ शे घरमा. खिडकीमातीन तलाव दिसस, केवढा मोठा. सकाय संध्याकाय लोकं त्याले चकरा मारतस. पेत कोनी नही."

"करमस का?"

ती उलट विचारायची, "विहीरमा डोकाई उना का?"

"उनू."

"शे का?"

"नही."

मग ललित फोन घ्यायचा.

एकदा मात्र तिनं वेगळं विचारलं. पाटकरीचं काम माझ्यानंतर कोण करणार, असं. मी म्हटलं, चाकं आता मोटरीवर फिरणार आहेत, मोबाइलवरून. भिकन सांगत होता. ती म्हणाली, "मंग मोबाइलले कोन पाया पडी?" आणि हसली. खोकला आला, म्हणून फोन ठेवला.

सुंदरबाई उखर्डू पाटील ही जळगावला, मेहरूणमध्ये, मुलाच्या घरी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी, शनिवारी सकाळी वारली.